जुलाब लागलेल्या बाळाला ओआरएस: कसं बनवायचं, किती द्यायचं आणि कसं पाजायचं

पावसाळा लागला की आमच्या वॉर्डात एक वाक्य दिवसभर कानावर पडत असतं, "सिस्टर, सलाईन लावा ना लवकर." आई रात्रभर जागी असते, बाळाने आठ-दहा वेळा पातळ शी केलेली असते, आजी मागे बडबडत असते, आणि सगळ्यांची नजर त्या स्टँडवर लटकणाऱ्या बाटलीवर. मी चौदा वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, आणि मला मनापासून सांगायचंय की यातल्या बहुतेक बाळांना सुईची गरजच नसते. त्यांना वाटी-चमचा घेऊन शेजारी बसून राहणारं माणूस लागतं आणि त्या वाटीत बरोब्बर मापाचं ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजायचं मीठ, साखर आणि क्षारांचं पाणी, लागतं. माप चुकलं की तेच ओआरएस त्रास देऊ शकतं, म्हणून हे सगळं नीट सविस्तर लिहितेय, एकदा शांतपणे वाचून ठेवा.

आधी सलाईनचा विषय संपवते. साध्या सलाईनच्या एक लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, बस. साखर नाही, पोटॅशियम नाही. जुलाबात बाळाच्या अंगातून पाणी जातं, मीठ जातं, पोटॅशियम जातं आणि रक्तातला आम्लपणा सांभाळणारा क्षारही जातो. ओआरएसमध्ये या सगळ्याची भरपाई आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २००२ पासूनचा फॉर्म्युला असा आहे, एक लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, म्हणजे सगळं मिळून २०.५ ग्रॅम. बाळ खूपच सुकलेलं असेल, म्हणजे अंगातलं पाणी फार कमी झालेलं असेल, शुद्धीत नसेल, पिऊच शकत नसेल तर शिरेतून द्रव द्यावंच लागतं आणि तेव्हा डॉक्टर शक्यतो रिंगर लॅक्टेट, म्हणजे आम्ही ज्याला आरएल म्हणतो ते लावतात. पण जे बाळ गिळू शकतंय त्याला तोंडानेच.

आता यात साखर कशाला असा प्रश्न हमखास येतो. आतड्याच्या आतल्या अस्तरावर एक वाट आहे जिथून मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, एकमेकांचा हात धरून, आणि ते दोघं गेले की पाणी त्यांच्या मागोमाग जातं. गंमत म्हणजे कॉलऱ्यात आतडं बादल्या भरून पाणी बाहेर टाकत असतं तेव्हासुद्धा ही वाट उघडीच असते. नुसतं पाणी पाजलं तर ते नीट शोषलं जात नाही आणि खूप पाजत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. आणि साखर जास्त झाली तर उलटंच, ती न शोषलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणून माप, माप आणि माप.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या कॅम्पमध्ये कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे डॉ. दिलीप महालनोबिस होते, बालरोगतज्ज्ञ. त्यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पिशव्यांमध्ये भरून घेतलं, ते ड्रममधल्या पाण्यात कालवलं आणि पेशंटच्या नातेवाईकांच्याच हातात कप देऊन सांगितलं की पाजत राहा. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३.६ टक्क्यांवर आलं. म्हणजे हे काम तेव्हाही नर्स-डॉक्टरांपेक्षा जास्त आईवडिलांनी, भावाबहिणींनी केलं. २०२२ मध्ये डॉ. महालनोबिस गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. जमिनीवर चिखलात झोपलेल्या माणसांना जे जमलं ते आपल्या स्वयंपाकघरात नक्की जमेल.

पाकिटाचं ओआरएस बनवायचं कसं

पहिलं काम, पाकीट हातात घेऊन ते कितीसाठी आहे ते वाचा. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर फॉर्म्युला लिहिलेला असतो आणि किती पाण्यात टाकायचं तेही. इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. मागच्या वर्षी एक नऊ महिन्यांचं बाळ आलं, घरच्यांनी अगदी काळजीने ओआरएस दिलेलं, पण एक लिटरचं अख्खं पाकीट दुधाच्या बाटलीत, म्हणजे साधारण २०० मिली पाण्यात. पाचपट दाट. हिशोब केला तर त्यातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, समुद्राच्या पाण्याच्या जवळ जातं. ते बाळ सारखं किरकिरत होतं, पाण्यासाठी अधाशासारखं करत होतं, मग झटके यायला लागले. रक्तातलं सोडियम खूप वाढलेलं, आणि असं वाढलेलं सोडियम झटकन खाली आणता येत नाही, हळूहळू आणावं लागतं, नाहीतर मेंदूला सूज येते. दोन दिवस आम्ही सगळे श्वास रोखून होतो. बाळ बरं झालं, पण त्या आईचा चेहरा मला अजून दिसतो, ती एकच म्हणत होती की मी तर औषध म्हणूनच दिलं हो. तिची काही चूक नव्हती, तिला कोणी पाकिटावरचा आकडा बोट ठेवून दाखवलाच नव्हता.

तर पाणी मोजा. घरात मापाचं भांडं नसेल तर बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन ठेवा, तीच तुमचं माप. घरातला ग्लास २०० मिलीचाच असेल असं समजू नका, आमच्याकडे स्टीलचे फुलपात्र १५० पासून ३०० पर्यंत निघालेत. त्या एक लिटरच्या बाटलीने एकदा घरातले ग्लास मोजून बघा, पाच ग्लास भरले की तो २०० चा.

पाणी उकळून गार केलेलं घ्या. गरम पाण्यात पावडर टाकू नका आणि पावडर टाकल्यावर तर अजिबात उकळू नका. उकळायला वेळ नसेल, गॅस संपलाय, प्रवासात आहात, तर फिल्टरचं किंवा क्लोरीनचे थेंब टाकलेलं पाणी चालेल, पाणी उकळण्यापायी दोन तास घालवण्यापेक्षा मिळेल ते सगळ्यात स्वच्छ पाणी घेऊन लगेच सुरू करणं बरं. आधी साबणाने हात धुवा. मग स्वच्छ पातेल्यात एक लिटर पाणी ओता, अख्खं पाकीट एकदम टाका, अर्धं आज अर्धं उद्या असं करू नका कारण पावडरमधले क्षार सारखे मिसळलेले असतीलच असं नाही आणि डोळ्याने अर्धं कधीच अर्धं होत नाही. एक लिटर जास्त वाटत असेल तर छोटी पाकिटं आणा.

स्वच्छ चमच्याने पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा आणि पाजायच्या आधी स्वतः चाखून बघा. डोळ्यातलं पाणी जितकं खारट लागतं त्यापेक्षा खारट लागता कामा नये. लागलं तर माप चुकलंय, ओतून द्या आणि नवीन करा. वरून साखर, मध, सरबताचा अर्क काही घालू नका. दुधात, चहात, ज्यूसमध्ये कालवू नका, फक्त पाण्यात. झाकून ठेवा आणि भांड्यावर बनवल्याची वेळ लिहून चिकटवा, २४ तासांनी उरलेलं फेकायचं. आजी म्हणेल वाया जातंय, जाऊ दे.

पाकीट नसेल तर

रात्री दोन वाजता मेडिकल बंद असतं. तेव्हा घरातलं मीठ आणि साखर. एक लिटर स्वच्छ पाणी, ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा म्हणजे ५ मिलीचा छोटा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तेवढा, पोह्याचा मोठा चमचा नाही. आणि सपाट म्हणजे खरंच सपाट, चमचा भरून वरून सुरीच्या पाठीने किंवा बोटाने ओढून घ्यायचा, शिगोशीग भरला तर तो जवळजवळ दुप्पट होतो. अर्धा चमचा मीठ मोजायला सपाट चमचा भरून सुरीने मधे रेघ मारा आणि अर्धं परत बरणीत टाका.

साखर पाकिटातल्या ग्लुकोजच्या साधारण दुप्पट का, तर आपली साखर आतड्यात फुटते तेव्हा तिचं साधारण निम्मं ग्लुकोज होतं आणि निम्मं फ्रुक्टोज. ६ सपाट चमचे म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास साखर, त्यातून साधारण १३ ग्रॅम ग्लुकोज मिळतं, म्हणजे फॉर्म्युल्याच्या अगदी जवळ. मला हा हिशोब पहिल्यांदा कळला तेव्हा फार बरं वाटलं होतं, कारण तोपर्यंत मी आयांना नुसतं पाठ केलेलं सांगायचे.

बांगलादेशात १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन हेच शिकवत होत्या, तीन बोटांच्या चिमटीत मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, आणि नंतर दुसरं कोणीतरी जाऊन आईला ते करायला लावून तपासायचं, तिला किती नीट आठवतंय त्यावर शिकवणारीचा पगार ठरायचा. ते मला फार पटतं. मीही आता डिस्चार्ज देताना आईला नुसतं विचारत नाही की समजलं का, तिच्याच हाताने एकदा करून घेते.

एक लक्षात ठेवा, घरच्या मीठ-साखर-पाण्यात पोटॅशियम नसतं, म्हणून ती सोय रात्र काढण्यापुरती, सकाळी पाकीट आणायचंच. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे फुकट मिळतं.

किती द्यायचं

प्रत्येक पातळ शी झाली की त्यानंतर, दोन वर्षांच्या आतल्या बाळाला ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली. त्याहून मोठ्याला जितकं जाईल तितकं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, अंगावर पाजत राहा आणि डॉक्टरांकडे जा.

हे झालं बाळ अजून सुकलेलं नसताना, म्हणजे तजेलदार आहे, रडताना डोळ्यात पाणी येतंय, सू नीट होतेय. पण डोळे खोल गेलेत, बाळ चिडचिडं झालंय, ओआरएस दिसलं की हपापल्यासारखं पितंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट न होता हळू जातेय, तर ते सुकायला लागलंय. तेव्हा हिशोब वेगळा, वजनाच्या प्रत्येक किलोला ७५ मिली, चार तासांत. आठ किलोचं बाळ असेल तर ६०० मिली. हे दवाखान्यात, कोणाच्या तरी नजरेखाली करायचं असतं, पण दवाखाना लांब असेल तर वाटेत, रिक्षात, एसटीत पाजत पाजत जा. पोचल्यावर बघू म्हणून थांबू नका.

पाजायचं कसं, खरी मेहनत इथे आहे

ओआरएस देऊन बघितलं, पोटात राहतच नाही, असं दहातल्या बऱ्याच आया सांगतात. मी विचारते कसं दिलं, तर बाटलीने गटागटा. तहानलेलं बाळ बाटली मिळाली की एका दमात १०० मिली ओढतं आणि सगळं बाहेर येतं. त्यात बाटलीच्या बुचात जंतू बसतात ते वेगळंच. बाटली बाजूला ठेवा, वाटी आणि चमचा घ्या.

बाळाला मांडीवर घ्या, डोकं थोडं उंच, तुमच्या कोपराच्या खोबणीत. चमचा अर्धवट भरू नका, पूर्ण भरा, खालच्या ओठावर टेकवा आणि गालाच्या बाजूने हळू सोडा, सरळ घशात नाही. गिळलेलं दिसू दे, मग थांबा. घड्याळ समोर ठेवा. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. हे फार कमी वाटतं, म्हणून लोक धीर सोडतात, पण जरा मोजून बघा, मिनिटाला ५ मिलीचा एक चमचा म्हणजे तासाला ३०० मिली, दोन मिनिटाला एक चमचा म्हटलं तरी १५० मिली. आठ किलोच्या बाळाला चार तासांत जे ६०० मिली लागतात ते अगदी दोन मिनिटाला एक चमचा असं देऊनही पूर्ण होतात. हात दुखतो, पाय आखडतात, मान्य आहे, म्हणून माणसं बदला. आई दोन रात्री झोपलेली नसते, बाबांनी बसावं, आत्याने बसावं, अर्धा अर्धा तास वाटून घ्या. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, त्यांनी नातीला तीन तास एकट्याने पाजलं, प्रत्येक चमच्याला पाटीवर खडूने एक रेघ मारत होते. साडेतीन तासांनी त्या पोरीने सू केली आणि ते रडायलाच लागले. मलाही आवरलं नाही.

मोठ्या मुलांना कपाने घोट घोट. वर्षाच्या पुढचं मूल चमचा थुंकत असेल तर सुई काढलेली सिरिंज वापरा, गालाच्या आत हळू सोडायचं. गार करून दिलं तर काही मुलं आवडीने पितात, फ्रिजमधलं चालतं.

उलटी झाली तर घाबरू नका, ओआरएस बंदही करू नका. दहा मिनिटं थांबा, तोंड पुसा, आणि परत सुरू करा, या वेळी आणखी हळू, दोन-तीन मिनिटाला एक चमचा. सगळंच उलटीत गेलं असं दिसतं पण बरंचसं आत राहिलेलं असतं.

आणि एक अपेक्षा आधीच दुरुस्त करून घ्या. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. दोन-तीन दिवस, कधी जास्तही, शी पातळ राहीलच. ओआरएस बाळाला सुकू देत नाही, तेवढ्यात आतडं आपलं आपण सावरतं. शी थांबली नाही म्हणून ओआरएस फेल गेलं असं समजून बंद करणारे खूप बघितलेत. जुलाब एकदम बंद करणारी गोळी मागू नका, लहान मुलांना ती धोक्याची असते. उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच घालू नका.

ओआरएस वाटतं पण ते नाही

टेट्रापॅकमधली गोड पेयं. माझ्याच बहिणीने तिच्या मुलाला दोन दिवस असलं पेय पाजलं, डब्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस हेच नाव होतं, चव सफरचंदाची, पोराला आवडलं, जुलाब मात्र वाढत गेले. मागची बारीक अक्षरं वाचली तर साखर कितीतरी पटीने जास्त आणि मीठ फारच कमी. या प्रकाराविरुद्ध हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं लढत होत्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेने, फॉर्म्युल्यात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. तरी जुनी सवय म्हणून घरातले उचलून आणतात, तेव्हा चवीकडे बघू नका, मागचा फॉर्म्युला बघा.

ग्लुकोजची डब्यातली पावडर म्हणजे मुख्यतः साखर, मीठ नाही, ती ओआरएस नाही. कोल्ड्रिंक अजिबात नाही. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी, म्हणून ओआरएसच्या जोडीला चालेल, ओआरएसऐवजी नाही. मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचं पाणी, पातळ ताक, ही आपली जुनी पेयं मात्र चांगली आहेत, सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला जरूर द्या.

खाणं बंद करू नका हेही इथेच सांगते. पोटाला आराम म्हणून दिवसभर उपाशी ठेवलेलं बाळ आणखी गळतं. अंगावरचं दूध चालूच, उलट जास्त वेळा. मऊ खिचडी, मऊ भात-वरण, केळं, दही-भात, थोडं थोडं पण सारखं. आणि दात येतायत म्हणून जुलाब होतात असं म्हणून चार दिवस काढू नका.

झिंक

ओआरएसबरोबर झिंकची गोळी लागते आणि ती हमखास विसरली जाते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे २० च्या गोळीची अर्धी, सहा महिन्यांच्या पुढे अख्खी २० मिलिग्रॅम, १४ दिवस. चमच्यात आईचं दूध किंवा उकळून गार केलेलं पाणी घेऊन त्यात गोळी विरघळवा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, त्याने आतड्याचं अस्तर भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब लागण्याची शक्यता कमी होते. कॅलेंडरवर रोज फुली मारा, नाहीतर राहूनच जातं.

हे दिसलं की लगेच दवाखाना

बाळ सुस्त पडलंय, हाक मारली तरी डोळे उघडत नाही किंवा पिऊच शकत नाही. सहा-आठ तास सू नाही. शीमध्ये रक्त. काहीही पोटात टिकत नाही, उलटी हिरवी होतेय. टाळू खोल गेलीय, हातपाय गार पडलेत. पोट फुगून टम्म झालंय. जोराचा ताप किंवा झटके. चिमटीत धरलेली कातडी दोन सेकंदांनंतरही तशीच उभी राहतेय. यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, इथे मात्र खरंच शिरेतून द्रव लागू शकतं.

मोठ्या माणसांनाही हेच ओआरएस, दर जुलाबाला एखाद-दोन ग्लास. म्हाताऱ्या माणसांना तहान लागलेली कळत नाही म्हणून त्यांना आठवण करून पाजा. शुगर असलेल्यांनी जुलाबात ओआरएसला घाबरू नये, एक लिटरमध्ये १३.५ ग्रॅमच ग्लुकोज आहे, फक्त शुगर तपासत राहा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर मात्र किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. आणि काही त्रास नसताना उन्हाळाभर सरबतासारखं रोज पिऊ नका, ते औषध आहे.

घरात चार मोठी पाकिटं, एक झिंकची पट्टी, एक लिटरची धुतलेली बाटली आणि ५ मिलीचा चमचा एका डब्यात एकत्र ठेवा. डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवा, त्यावर ६ सपाट साखर, अर्धा सपाट मीठ, १ लिटर पाणी एवढं ठळक लिहा, म्हणजे तुम्ही घरी नसलात तरी सांभाळणाऱ्या मावशींना सापडेल. पावसाळ्याआधी पाकिटांची एक्सपायरी बघा, आणि पाकीट दाबल्यावर आत पावडरचा दगड झालेला लागला किंवा रंग पिवळट-तपकिरी झालेला असेल तर ते टाकून नवीन आणा.